मराठीचं ‘मर’ आणि ‘ठ’ कुणी केलं? (वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की प्रोग्रामिंग भाषेबरोबर तयार कोडची जी लायब्ररी येते तिच्यातही बग, म्हणजे चुका, असतात आणि ते तुमच्या-माझ्यासारखी माणसंच दुरुस्त करतात. त्यावर एवढे मेल आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. सगळे मेल छापता येणार नाहीत, काही प्रश्न मी थोडे कापलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर घेतलीये आणि त्यात शोधायला मी पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. शब्द सुटे करायला रेजेक्समधलं (मजकुरात नमुना शोधायची खूणभाषा) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस’ वापरलं, ट्यूटोरियलमध्ये तसंच होतं. इंग्रजी नावं व्यवस्थित आली, पण ‘मराठी’चं ‘मर’ आणि ‘ठ’ झालं, ‘नागपूर’चं ‘न’, ‘गप’ आणि ‘र’. फॉन्ट बदलून पाहिला, फाइल यूटीएफ-८ आहे. माझं काय चुकतंय? (कराड)

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये. फॉन्टला तर उगीच बोल लावताय, फॉन्ट बिचारा फक्त दाखवायचं काम करतो.

झालंय असं की युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, प्रत्येक चिन्हाला एक कॅटेगरी दिलेली असते. क, म, ठ ही ‘अक्षरं’, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण ही सगळी ‘मार्क’ या वेगळ्या कॅटेगरीत, कारण ती एकटी उभी राहत नाहीत, दुसऱ्याला चिकटतात. इथवर ठीक. आता पायथनचं ते बॅकस्लॅश डब्ल्यू काय विचारतं, तर समोरचं चिन्ह अक्षर आहे का, अंक आहे का, की अंडरस्कोर आहे? काना यातलं काहीच नाही. म्हणजे म घेतला, र घेतला, काना आला की शब्द संपला. मग ठ घेतला, वेलांटी आली, परत संपला. ‘मर’ आणि ‘ठ’. ‘पुणे’ घालून बघा, ‘प’ आणि ‘ण’ मिळतील. ‘नगर’ मात्र अख्खं येईल, कारण त्यात काना-मात्रा काहीच नाही!

याच कुटुंबातला दुसरा त्रास म्हणजे ‘इझ-अल्फा’, स्ट्रिंगमध्ये फक्त अक्षरं आहेत का हे सांगणारं फंक्शन. माझ्याकडे एकदा एका फॉर्मचं काम होतं, नावाच्या रकान्यात आकडे टाकू नयेत म्हणून कुणीतरी ते फंक्शन लावून ठेवलेलं. शरद, कमल, मदन बिनबोभाट आत. सुनीता, गणेश, ज्योती बाहेर, ‘कृपया योग्य नाव भरा’. आम्ही दोन दिवस टायपिंग करणाऱ्या मुलींना दोष देत बसलो होतो, मला आजही त्याची लाज वाटते.

आता हा बग आहे का? युनिकोडवाल्यांची रेजेक्ससाठी जी मार्गदर्शक सूचना आहे ती म्हणते की ‘शब्दातलं चिन्ह’ ठरवताना मार्कसुद्धा धरा. पायथनच्या बग-नोंदीत अगदी हीच तक्रार, देवनागरीचंच उदाहरण देऊन, २००७ साली केलेली आहे, की शब्दांचे तुकडे पडतात म्हणून. आणि आजही पायथनसोबत येणारं रेजेक्सचं ‘आरई’ मॉड्यूल तसंच वागतं. का ते खाली बंगळुरूच्या वाचकांना सांगितलंय, ते वाचा. माझं मत विचाराल तर हा बगच आहे, कोट्यवधी लोकांच्या लिपीत शब्दच ओळखता येत नसेल तर त्याला दुसरं काय म्हणायचं.

तुम्हाला मात्र यादी आज शोधायचीये. ‘रेजेक्स’ नावाचंच वेगळं पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजं उतरवून घेणारं टूल) टाका, त्यात ही व्याख्या सुधारून घेतलीये आणि तुमचा प्रोग्राम जवळपास आहे तसाच चालेल. पॅकेज टाकायचं नसेल तर देवनागरीची पट्टी थेट लिहा, युनिकोड क्रमांक ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, पण दोन खाचखळगे आहेत. एक, त्या पट्टीतच दंड आणि दुहेरी दंडही बसलेत, ते वगळा नाहीतर जुन्या पोथ्यांच्या नावात ‘॥’ शब्दाला चिकटून येईल. दुसरा खास आपला, मराठीचा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकतर ऱ चा पाय मोडून, नाहीतर साध्या र चा पाय मोडून त्यापुढे झीरो-विड्थ-जॉइनर हे न दिसणारं चिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे, आणि तो जॉइनर आपल्या पट्टीच्या बाहेर राहतो. म्हणून शोधायच्या आधी सगळे जॉइनरवाले र बदलून पहिल्या प्रकारचे करून घ्या. जुन्या याद्या चार जणांनी चार कीबोर्डवर टाइप केलेल्या असतात, त्यामुळे हे सापडणारच, पैज लावते.

प्रश्न : मुलगा दिवसभर खोलीत बसून ‘जावाच्या लायब्ररीतला बग दुरुस्त करतोय’ म्हणतो. पगार तर याचे देत नाहीत म्हणे. पुस्तकांच्या लायब्ररीशी याचा काही संबंध आहे का? (चिपळूण)

उत्तर : काकू, पुस्तकांशी नाही, मिसळणाच्या डब्याशी आहे असं समजा. स्वयंपाक तुम्ही करता, पण मोहरी-हळद-हिंग दरवेळी दळायला बसत नाही, डबा उघडला की हाताशी. तसंच यादी क्रमाने लावणं, तारीख काढणं, फाइल उघडणं असली कामं प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने लिहायची नाहीत म्हणून भाषेबरोबर तयार येतात, आणि प्रोग्राम चालू असताना ती पाठीमागे हजर असतात. डब्यातली हळदच खराब निघाली तर एका घरचा नाही, सगळ्या गावाचा स्वयंपाक बिघडतो. तुमचा मुलगा ती निवडत बसलाय, पगार नाही मिळत हे खरं, पण नोकरीच्या मुलाखतीत या कामाला वजन असतं. चहा द्या त्याला.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या व्याजाच्या हिशोबात पायथनचा राउंड चुकतो. २.६७५ ला दोन दशांशापर्यंत राउंड केलं तर २.६८ यायला हवं, येतं २.६७. आणि २.५ चं राउंड ३ ऐवजी २! एवढा सरळ बग कुणी दुरुस्त कसा केला नाही? (इचलकरंजी)

उत्तर : हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्ही बग नाहीत. २.६७५ हा आकडा बायनरीत (कॉम्प्युटरच्या ०-१ च्या लिखाणात) नेमका मावतच नाही, कॉम्प्युटर ठेवतो तो २.६७४९९९९९… असा काहीतरी, म्हणजे मुळातच निम्म्याच्या किंचित खाली, मग २.६७ बरोबरच की. आणि २.५ चं २ होतं कारण पायथन ३ मध्ये बरोब्बर निम्म्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे न्यायचा असं ठरवून केलंय, पायथन २ मध्ये वर जायचा. नेहमी वरच नेलं तर लाखो नोंदींच्या बेरजेत वरच्या बाजूला पैसा पैसा करून फरक साचतो, म्हणून तो नियम.

पैशांचा हिशोब फ्लोटमध्ये, म्हणजे अशा बायनरी दशांशांत, करूच नका. ‘डेसिमल’ मॉड्यूल घ्या, आकडा अवतरणात स्ट्रिंग म्हणून द्या (फ्लोट दिलात तर घाण तशीच आत जाते), आणि ‘राउंड-हाफ-अप’ सांगा. तुमचे सभासद ज्या पद्धतीने हाताने करतात तेच येईल.

लायब्ररीवर संशय आला की मी आधी तोच बग दहा ओळींत उभा करून बघते, त्यात माझं बाकीचं काहीच नको. निम्म्या वेळा त्या दहा ओळी लिहिता लिहिताच आपली चूक दिसते आणि आपण गुपचूप खिडकी बंद करतो. उरलेल्यातले बरेचसे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेले निघतात, तुमच्या राउंडसारखे. मग जे उरतं ते खरं.

प्रश्न : बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. एक गोष्ट कळत नाही, बग सगळ्यांना दिसतोय, दुरुस्ती दोन ओळींची आहे, तरी नोंद वर्षानुवर्षं उघडी. हा आळस आहे की माज? (बंगळुरू)

उत्तर : थोडा आळस असेलही, म्हणजे आळस म्हणण्यापेक्षा बरीचशी माणसं नोकरी सांभाळून फुकट काम करतात हो. पण खरं कारण ते नाही. चुकीच्या वागण्यावरसुद्धा लोकांनी घरं बांधलेली असतात.

मला सगळ्यात आवडणारा किस्सा पायथनच्या मध्यरात्रीचा. ‘जर वेळ दिली असेल तर’ अशी अट आपण लिहितो ना, त्यात रात्रीचे बारा दिले तर पायथन म्हणायचं वेळ दिलेलीच नाही! कारण शून्य वाजून शून्य मिनिटं, आणि शून्य म्हणजे खोटं. त्यातही ते मध्यरात्र मोजायचं यूटीसीची, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेची. म्हणजे तुम्ही वेळेला भारताचा टाइमझोन जोडलात की बारा सुरळीत चालायचे आणि पहाटेचे साडेपाच खोटे ठरायचे, कारण आपण साडेपाच तास पुढे. दूधवाला यायच्या वेळेला अलार्म लावलेला आणि प्रोग्राम म्हणतोय अलार्म लावलाच नाही, आणि ५ वाजून ३१ ला लावला तर छान वाजतो, सांगा कसा शोधायचा हा बग.

आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं होतं! त्यामुळे २०१२ मध्ये नोंद झाल्यावर वाद पेटला, लिहिलंय तसंच वागतंय तर बग कसा. शेवटी हे वागणं अनाकलनीय आणि चुकांना आमंत्रण देणारं आहे हे मान्य झालं आणि पायथन ३.५ मध्ये, म्हणजे २०१५ ला, ते काढलं. पण नव्या आवृत्तीतच, जुन्या ३.४ च्या दुरुस्त्यांमध्ये नाही, कारण चालू आवृत्तीत रातोरात अर्थ बदलला तर ज्यांचा प्रोग्राम चालतोय त्यांच्या पोटावर पाय.

उलटं करून बघायचं तर लिनक्सच्या सी लायब्ररीचं घ्या, जीलिबसी. त्यात ‘मेमकॉपी’ म्हणून फंक्शन आहे, मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे उचलून ठेवणारं, आणि नियम स्पष्ट आहे की दोन तुकडे एकमेकांवर चढलेले नसावेत, तसे असतील तर ‘मेममूव्ह’ वापरा. २०१० मध्ये त्यांनी मेमकॉपी वेगवान केलं, नव्या प्रकारात काही प्रोसेसरवर ते शेपटाकडून कॉपी करायला लागलं. नियमाने काहीच चूक नाही. पण फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीवर लोकांच्या ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेयरचा आवाज चिरकायला लागला, कारण फ्लॅश नियम मोडून चढलेले तुकडे कॉपी करत होतं आणि इतकी वर्षं ते नशिबाने चालून जात होतं. आता चूक कुणाची? फ्लॅशची, शंभर टक्के. पण लिनक्स सुरू करणारा लिनस टॉरवाल्ड्स स्वतः त्या भांडणात उतरला आणि त्याचं म्हणणं साधं होतं, वापरणाऱ्याला काय पडलंय चूक कुणाची याच्याशी, त्याचा आवाज काल नीट होता आज नाही. शेवटी जीलिबसी २.१४ मध्ये तोडगा निघाला, आधी बांधलेल्या प्रोग्रामना जुन्या नावाखाली सुरक्षित वागणारं मेमकॉपी मिळेल आणि नव्याने बांधणाऱ्यांना वेगवान. एकाच नावाची दोन फंक्शनं एकाच लायब्ररीत, दोन पिढ्यांसाठी. मला तर हे फार शहाणपणाचं वाटतं, पण सगळ्या भाषांना ही सोय नसते.

आता कराडच्या वाचकांचा बॅकस्लॅश डब्ल्यू आठवा. तो बदलला की शब्दाची हद्द ओळखणारा बॅकस्लॅश बी पण आपोआप बदलतो, कारण तो त्याच व्याख्येवर उभाय. जगभरात किती पासवर्डचे नियम, किती सर्च, किती लॉग वाचणारे प्रोग्राम यावर आहेत कुणी मोजलेलं नाही, त्यामुळे हात लावायला सगळे घाबरतात. कळतं मला. तरी मराठी माणूस म्हणून राग येतोच, कारण ज्यांचं नीट चाललंय त्यांचं मोडू नये म्हणून ज्यांचं पहिल्या दिवसापासून मोडलेलं आहे ते तसंच राहतं.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथनच्या एका मॉड्यूलमध्ये मला खरा बग सापडला (दहा ओळींत दाखवता येतो), मी दोन ओळींची दुरुस्ती पाठवली. एकाने विचारलं ‘टेस्ट कुठे आहे’ आणि मग तीन महिने कुणी बघितलं नाही. दोन ओळींना कसली टेस्ट? मी दुखावलो, खरं सांगतो. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अरे, ज्याने विचारलं त्याने तुझं काम वाचलं, एवढं तरी धर.

दोन ओळींचं म्हणतोस तर ऐक. जावाच्या लायब्ररीत बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दरवेळी निम्मी करत शोधणं) होता, पहिल्या वर्षाला शिकवतात तोच. मधली जागा काढायला खालची अधिक वरची भागिले दोन, तूही असंच लिहितोस, मीही लिहायचे. आता ३२ बिटच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेत, जास्तीत जास्त मावतात २,१४,७४,८३,६४७. यादीत १०७ कोटींच्या वर नोंदी झाल्या की ती बेरीज त्याच्या पुढे जाते, उलटून ऋण होते आणि प्रोग्राम यादीच्या बाहेर हात घालून पडतो. हा कोड लिहिणारा जोशुआ ब्लॉक म्हणजे साधा माणूस नाही, जावाच्या लायब्ररीचा मोठा भाग त्यानेच रचलाय, आणि तरी बग सुमारे नऊ वर्षं तिथं होता, २००६ मध्ये त्याने स्वतःच जाहीर लिहिलं. नऊ वर्षं का सापडला नाही, तर एवढ्या इंटच्या यादीला चार जीबी मेमरी लागते, आणि सुरुवातीच्या काळात घरच्या पीसीत रॅम असायची तीस-चाळीस एमबी. कोड जसाच्या तसा होता, मशीनं मोठी होत गेली. दुरुस्ती एका चिन्हाची, भागिले दोनऐवजी अधिक-उणे न बघता बिट उजवीकडे सरकवणारा शिफ्ट. पण ती एक ओळ पुढे कुणी ‘सोपी करून’ परत जुनी करू नये हे कोण बघणार? टेस्ट. म्हणजे कोड बरोबर वागतो का हे दरवेळी आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम. तू नसशील, मी नसेन, टेस्ट असेल.

आणि घाईच्या दुरुस्तीचं उदाहरण हवं तर टिमसॉर्ट. टिम पीटर्सने २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेला सॉर्ट (यादी क्रमाने लावायची रीत), इतका चांगला की जावा ७ ने तो उचलला. २०१५ मध्ये काही संशोधक तो बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायला बसले, आणि सिद्ध होईना! कारण तो बरोबर नव्हताच. ६,७१,०८,८६४ नोंदींची एक खास रचलेली यादी दिली की जावाचा सॉर्ट कोसळायचा. पायथनवाल्यांनी मूळ अटीत एक तपासणी वाढवली, खरं तर पायथनमध्ये हा बग फुटायला लागेल एवढी मेमरी कुठल्याच मशीनमध्ये नव्हती, तरी केली. जावावाल्यांनी अट तशीच ठेवून आतली एक छोटी यादी ४० जागांची ४९ जागांची केली, म्हणजे गळक्या छपराखाली मोठी बादली. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ती बादलीही भरू शकते, मग जाऊन एकदाची अट बदलली. म्हणून तुझी दुरुस्ती बघणारा माणूस ‘चालतंय का’ विचारत नाही, ‘का चालतंय’ विचारतो.

आता काम सांगते. पायथनचा सोर्स डीबग पर्याय देऊन स्वतः बांध. लिब फोल्डरमधल्या टेस्टमध्ये त्या मॉड्यूलची फाइल असेल, तिच्यात आधी टेस्ट लिही आणि तुझी दुरुस्ती काढून ती चालव. ती लाल, म्हणजे नापास, व्हायलाच हवी, न पडणारी टेस्ट म्हणजे पावसाळा संपल्यावर विकत घेतलेली छत्री. मग दुरुस्ती परत टाक, हिरवी झाली की त्या मॉड्यूलच्या सगळ्या टेस्ट चालव. ‘न्यूज’च्या फोल्डरमध्ये एक-दोन ओळींची नोंद लागते, त्यासाठी ‘ब्लर्ब’ नावाचं टूल आहे, आणि योगदानाचा करार एकदाच सही करायचा असतो. तो नसेल तर बॉट (आपोआप तपासणारा प्रोग्राम) अडवतो आणि माणसं बघतही नाहीत, तुझे तीन महिने कदाचित त्यातच गेले असतील, आधी ते तपास. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत जाते, बग असेल तर तिथून जुन्या चालू आवृत्त्यांमध्ये उतरवतात, ते सहसा बॉटच करतो. आणि वर्णनात ‘फिक्स्ड बग’ लिहू नकोस. काय व्हायला हवं होतं, काय होतंय, कुणाचा चालता कोड याने बदलेल, हे तिसरं तू स्वतःहून लिहिलंस ना की समोरच्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तो तुझं काम आधी उचलतो. हे सगळं करून महिनाभर वाट बघ, मग एकदाच, नम्रपणे विचार. रोज ‘एनी अपडेट’ नको.

माझी स्वतःची पहिली दुरुस्ती परत आली होती, माहितीये? मी बग नसलेली गोष्ट दुरुस्त केली होती. फार मनापासून केली होती.

प्रश्न : एका पॅकेजला ठरावीक इनपुट दिलं की ते अडकून बसतं, सीपीयू शंभर टक्के, सर्व्हर बंदच करावा लागतो. खाली ती ओळ देतोय, तुमच्या कॉलममध्ये छापा म्हणजे लोक सावध होतील. (नाशिक)

उत्तर : लोक सावध व्हायच्या आधी भामटे सावध होतील! २०११ च्या सुरुवातीला अगदी असंच झालं होतं. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेला २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात हा आकडा वाचायला दिला की काही ३२ बिट मशीनवर ते कायमचं फिरत बसायचं, कारण तिथल्या जुन्या गणिती रजिस्टरमध्ये आकडा ८० बिटांचा राहायचा आणि कोड धरून चालला होता की तो ६४ चा आहे. शेवटी दुरुस्ती काय, तर व्हेरिएबलच्या आधी ‘व्होलाटाइल’ हा एक शब्द. काही आठवड्यांत कळलं की शेवटचा ११ बदलून १२ केला तर जावासुद्धा तसंच अडकतं, आणि तिथं कुठल्याही मशीनवर. ब्राउझर सर्व्हरला आपली आवडती भाषा कळवतो त्या ओळीत हा आकडा घुसवून दुसऱ्याचा सर्व्हर झोपवता येत होता, जावा सांभाळणाऱ्या ओरॅकलला फेब्रुवारीत तातडीने पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढावा लागला.

तेव्हा ज्या बगने दुसऱ्याचं मशीन बंद पाडता येतं तो उघड नोंदीत टाकायचा नाही. बहुतेक प्रकल्पांचा सुरक्षेसाठी वेगळा मेल पत्ता असतो, तिथं लिहा, दहा ओळी, आवृत्ती आणि मशीनची माहिती जोडा, आणि पॅच निघेपर्यंत कळ काढा. तुम्ही पाठवलेली ती ओळ म्हणून वर छापलेली नाही, आणि माझ्याकडच्या मेलमधूनही मी ती काढून टाकलीये.